शारजाला पाठवायचे कागद

१८ नोव्हेंबर, सोमवार. बसवकल्याण

शफीकभाई आले होते हुमनाबादहून. फाइल टेबलावर ठेवली आणि बराच वेळ तिच्याकडंच बघत बसले. चहा निवला.

वि. शारजाला गेले, त्यानंतर आज पहिल्यांदा कामाचं बोलणं. "शारजाला गेले" हे मी या वहीत किती वेळा लिहिलं असेल. दरवर्षी दोनदा-तीनदा जायचेच. आता तेच शब्द, नवरा वारला म्हणून. दुसरे शब्द सुचत नाहीत.

कंपनीत आम्ही तिघं डायरेक्टर. वि., शफीकभाई, आणि नावापुरती मी. दुबलगुंडीच्या बायका ज्वारीची कडक भाकरी करतात, शेंगाची चटणी करतात. माल शारजाच्या आमच्या दुकानात जातो. तिथल्या लायसनवर मॅनेजर म्हणून एकट्या वि.चं नाव. ते काढून दुसरं घातल्याशिवाय लायसन पुढं चालत नाही. दुकान बंद करायचं तरी कुणाची तरी सही लागते. काहीही करायचं तर इथून कागद गेले पाहिजेत: ठराव, कंपनीचं सर्टिफिकेट, घटना म्हणजे कंपनीची नियमावली. त्यांवर शिक्के: आधी नोटरीचा, मग बेंगळुरूचा, मग दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिरातीच्या वकिलातीचा.

श.भाई म्हणाले, "भाभी, बंदच करू. मेरे से अब नै होता. विश्वनाथ होता म्हणून मी होतो. तरी तुम्ही म्हणाल तसं."

बरं म्हटलं.

लेकीला, अश्विनीला, पुण्याला फोन केला. तीही बरं म्हणाली. तिच्याकडं कुकरची शिट्टी झाली, ती म्हणाली ठेवते.

२२ नोव्हेंबर

गुलबर्ग्याला सीएच्या ऑफिसात. ठराव इंग्रजीत टाइप करून ठेवलेला. त्यांचा माणूस बोट ठेवत गेला, मी सह्या करत गेले. इथं, इथं, मागच्या पानावर. श.भाईंनी आधीच केलेल्या. कंपनीचा रबरी शिक्का माझ्याच पर्समध्ये होता, मीच मारला. शाई जास्त झाली, पसरली. तो म्हणाला, चालतंय.

परतताना बसमध्ये शेजारच्या बाईनं कन्नडात विचारलं, कुठं उतरणार. पटकन सांगता येईना. कंडक्टरनं सांगितलं. त्याला कसं माहीत? तिकीट त्यानंच दिलेलं.

जेवण नको वाटलं. जेवले.

२५ नोव्हेंबर, सोमवार

कोर्टाच्या आवारात नोटरी वकिलांकडं. वयस्कर, गळ्यात मफलर. कागद बघितले आणि परत माझ्यापुढं सरकवले.

"ही सही माझ्यासमोर झालेली न्हाई. मी कशी साक्ष देऊ?"

म्हटलं, सही माझीच आहे.

"असंल की. पर मी बघितली न्हाई." मग म्हणाले, "वाचलाव का, काय हाय यात?"

"नाही."

"वाचा. बाहेर बाकडं हाय, निवांत वाचा. मग या. नव्या कागदावर सही करा."

बाकड्यावर बसून वाचला. एका पानाचा ठराव. शारजा शाखा कायमची बंद करणे. बँक खाते बंद करणे. शाखेच्या व्हिसावरील सर्व कर्मचाऱ्यांचे व्हिसा रद्द करणे.

चौघं आहेत तिथं. त्यातला राजकुमार खजुरी गावचा, वि.सोबत दुकान उघडल्यापासूनचा. बाकीचे तिघं नंतर आले. हे मला माहीत होतं. दुकान बंद म्हणजे हेही, एवढं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आजकाल डोक्यात काही येत नाही.

आत गेले. म्हटलं, आज सही नको.

"बरं," म्हणाले. कारण विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं.

२८ नोव्हेंबर

राजकुमारची आई आली. खजुरीहून आळंद, आळंदहून इकडं, दोन गाड्या बदलून. पिशवीत हिरव्या तुरीच्या शेंगा. दारातच जयभीम केला आणि उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून खालीच बसली. खुर्चीवर बसा म्हटलं तर नको म्हणाली, गुडघे धरतेत.

"राजू म्हणायलाय, दुकान बंद व्हायलंय. व्हय का?"

म्हटलं, अजून ठरलं नाही.

"बंद झालं तर तो येतंय की माघारी. येऊ दे. पर इथं येऊन काय करावं त्यानं, तेवढं सांगा."

मी शेंगा ताटात ओतल्या. मग म्हणाली, "तुमचे मालक गेले तवा ह्योच होता बघा दवाखान्यात. आंग ह्यानंच पुसलं. कापडं ह्यानंच बदलली. मला फोनवर सांगताना लई रडला."

कपडे कुणी बदलले हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हैदराबाद विमानतळावर पेटी आली. मी मुलीचा हात धरून उभी होते, एवढंच आठवतं. पांढरा शर्ट होता अंगात. तो शर्ट मी कधी पाहिलेला नव्हता. राजूचा असेल.

जाताना म्हणाली, "तुम्ही काय ठरवाचं ते ठरवा बाई. पर लोंबकळत ठिवू नका."

शेंगा उकडल्या नाहीत. तशाच ताटात पडल्यात.

२ डिसेंबर, सोमवार

राजूला फोन. पहिल्यांदाच मी होऊन केला. तो घाबरला, काय झालं अक्का म्हणाला.

दुकान चालू आहे, म्हणाला. "भाकरी संपली. गिऱ्हाईक इचारायलंय. चटणी हाय थोडी. रोज उघडायलोय, झाडायलोय, बसायलोय."

त्याचा व्हिसा फेब्रुवारीत संपतो. लायसन नवं झालं नाही तर व्हिसाही होत नाही. मग दंड चढत जातो, आणि माणूस तिथं बिनकागदाचा होतो.

विचारलं, मॅनेजर म्हणून तुझं नाव घातलं तर?

तिकडं शटर ओढल्याचा आवाज आला. मग, "मला इंग्रजी तेवढं येत न्हाई, अक्का."

"त्यांना तरी कुठं येत होतं."

"अण्णाची गोष्ट येगळी."

म्हणाला, आईला विचारतो. तिशी उलटलेला माणूस.

६ डिसेंबर

सकाळी विहारात. पांढरी साडी. वि.च्या पुण्यानुमोदनाला हीच नेसले होते. वंदना झाली. ओठ हलत होते, पाठ आहे म्हणून. मेणबत्ती लावताना शेजारच्या शांताबाईंनी माझा हात धरला आणि सोडलाच नाही. मला हात काढून घ्यायचा होता. काढला नाही.

बाहेर श.भाई उभे. आजच्या दिवशी दरवर्षी येतात, वि.साठी यायचे. आजही आले. गेटजवळच सांगितलं, दुकान बंद करायचं नाही. राजूला मॅनेजर करू.

ते चप्पल काढता काढता थांबले. "कितने दिन चलेगा भाभी?"

"माहीत नाही."

"माल कोण बघंल? हिशेब? तिथल्या लोकांशी बोलणं?"

"माहीत नाही."

हसले थोडे. मग म्हणाले, "सही करतो मी. दस्तखत को क्या लगता. पर माझ्या भरवशावर नको. मेरा दिल नै लगता अब उस काम में. खोटं कशाला बोलू?"

खोटं बोलले नाहीत, हे बरं झालं. आम्ही दोघं तिथं उभं राहून पोरांच्या रॅलीकडं बघत राहिलो.

१० डिसेंबर

नवा ठराव. शाखा चालू ठेवणे. मयत विश्वनाथ यांच्या जागी राजकुमार यांना मॅनेजर नेमणे. या वेळी पूर्ण वाचला. दोनदा. "मयत"ला इंग्रजीत "लेट", छोटा शब्द, पटकन निघून जातो डोळ्यांखालून.

नोटरींसमोर श.भाईंनी सही केली, मग मी. माझी सही वाकडी आली. नोटरी म्हणाले, दम घ्या, दुसऱ्या प्रतीवर नीट करा. दुसरीही तशीच. पॅनकार्डावरची सही बघितली, माझ्याकडं बघितलं. "माणूस तेच हाय," म्हणाले आणि रजिस्टरात अंगठा घेतला.

ठरावावर लाल गोल कागद चिकटवून यंत्रानं दाबला. पानामागून बोट फिरवलं तर अक्षरं उठलेली लागतात. बाकीचे कागद होईपर्यंत मी बोट फिरवत बसले.

संध्याकाळी बेंगळुरूच्या एजंटाला कुरिअर केलं. पुढचं तो करणार.

१९ डिसेंबर

काही नाही. एजंट म्हणतो, लाइनीत आहे.

डोकं दुखतं. गोळी घेतली की नाही ते आठवेना, म्हणून दुसरी घेतली नाही.

२७ डिसेंबर

एजंटाचा फोन. कागद अडले. नाव जुळत नाही.

कंपनीच्या घटनेत आणि ठरावात: विश्वनाथ तुळशीराम दुबलगुंडे. पासपोर्ट, शारजाचं लायसन, तिथला मृत्यूचा दाखला: विश्वनाथ तुळशीराम कांबळे.

"मॅडम, ये दो अलग आदमी हैं."

"एकच."

"कागज पे तो दो हैं." तसा वाईट बोलला नाही. सवयीनं बोलला.

विचारलं, मग दुकान उघडताना कसं चाललं? म्हणाला, तेव्हा साहेब स्वतः समोर उभे असतील.

असतील.

माझं नाव सगळीकडं नुसतं शोभा विश्वनाथ. इकडं आडनाव लावतातच असं नाही. म्हणून मी सुटले.

२८ डिसेंबर

लिहून ठेवते. उद्या-परवा कुणी विचारलं तर एका दमात सांगता यावं.

वि. पहिल्यांदा शारजाला गेले ते गोडाऊनमध्ये हेल्पर म्हणून. पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावर, कांबळे. बरीच वर्षं तिकडं काढून आले आणि भाकरीचं डोक्यात घेतलं. कंपनी काढायच्या आधी रीतसर जाहिरात देऊन पॅनकार्डावर दुबलगुंडे करून घेतलं. पासपोर्टचं नंतर बघू म्हणाले. राहिलं.

मी विचारलं होतं, कामून?

"खायाची चीज हाय," म्हणाले. "कांबळेच्या घरची भाकर म्हटलं की पाकीट उचललेला माणूस परत ठेवतो. समदे न्हाई, काही काही. ते काही काही परवडत न्हाईत मला. गावाच्या नावाला कोण काय इचारतंय?"

हसत बोलले होते. मी नव्हते हसले.

सासरे तेव्हा होते. मास्तर होते ते, कमी बोलायचे. ओसरीवर बसून एवढंच म्हणाले, "माझ्या नावाला काय झालतं?" पाकीट छापून आलं तेव्हा यांनी पहिलं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं, उघडलं, भाकरी मोडून खाल्ली. चांगली झाली म्हणाले. नावाचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

राहिलेलं काम आता माझ्याकडं.

३० डिसेंबर, सोमवार

कोर्टात कुणी नाही. येळवस, वेळा अमावस्या आहे हे विसरले. सगळं गाव शेतात, नोटरीही शेतात. चहावाला तेवढा होता, तोही पातेलं आवरत होता. "तुम्ही गेला न्हाई?" म्हणाला.

आमचंही शेत आहे दुबलगुंडीला, भाऊबंद करतात. दरवर्षी भज्जी आणि आंबिल खायला जायचो. यंदा बोलावणं आलं होतं. मीच जाते म्हणाले नव्हते.

चालत घरी.

३१ डिसेंबर

प्रतिज्ञापत्र करायचं. दोन्ही नावांचा माणूस एकच, असं मी शपथेवर सांगायचं.

नोटरींनी विचारलं, "दोन आडनावं कामून?"

सांगितलं. लिहून ठेवलं होतं तसंच, न थांबता. पाकिटाचं, गिऱ्हाइकाचं, सासऱ्यांचंसुद्धा.

त्यांनी पेन खाली ठेवलं. मफलर सोडला, परत गुंडाळला. शेजारी टाइप करणारा थांबला होता, त्याला म्हणाले, तू चहा सांगून ये.

मग मला, "कारण लिहायलाच पायजे असं न्हाई."

"लिहा."

त्यांनी सांगितलं, टायपिस्टनं परत येऊन लिहिलं: व्यवसायाच्या सोयीसाठी गावाचे नाव आडनाव म्हणून लावले.

म्हटलं, एवढंच नाही ते.

"बाई, वकिलातीला एवढं पुरतंय." थोड्या वेळानं म्हणाले, "मला कळलंय."

त्यांना काय कळलं कोण जाणे. मी वाद घातला नाही. त्यांनी वाचून दाखवलं: वरील दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून ती व्यक्ती माझे पती होत. शपथेवर सांगताय? व्हय. खरं हाय? व्हय.

सही सरळ आली.

चहा त्यांनी पाजला. निघताना उठून उभे राहिले, हे नंतर रस्त्यात लक्षात आलं.

९ जानेवारी

बेंगळुरूचं झालं. दिल्लीला गेले कागद. एजंटानं मोबाइलवर फोटो पाठवला, मागच्या बाजूला शिक्केच शिक्के. कन्नड, इंग्रजी. खाली कुणाची तरी गिचमिड सही. ज्याला वि. माहीत नाहीत अशा माणसानं लिहून दिलं की बरोबर आहे.

राजूला फोटो पुढं पाठवला. त्यानं हात जोडलेलं चित्र पाठवलं.

१४ जानेवारी

अश्विनी आली संक्रांतीच्या सुट्टीला. पुण्याला चल म्हणते. खोली आहे, लिफ्ट आहे, खाली बाग आहे.

म्हटलं, कागद यायचेत.

"आई, तू कशाला यात पडतेस? शफीकचाचा बंद करा म्हणत होते ना? तुला त्यातलं काय कळतं?"

"काही नाही."

"मग?"

"राजू आहे. अजून तिघं आहेत."

"आणि तू?"

मी तिळाची चटणी वाटत होते, वाटत राहिले. मग ती रडली. पप्पांचं दुकान म्हणून धरून बसलीस तू, म्हणाली. तसं नाही, हे मला सांगायचं होतं. दुकान मी कधी पाहिलंसुद्धा नाही. पासपोर्टच काढला नाही कधी, वि. म्हणायचे काढू, मी म्हणायची बघू.

तिच्या पाठीवरून हात फिरवला. मला रडू आलं नाही. ते बघून तिला आणखी आलं.

१६ जानेवारी

अश्वि गेली सोलापूरच्या बसनं. बस सुटायच्या आधी खिडकीतून म्हणाली, "प्रतिज्ञापत्र वाचलं मी. आजोबांचं मला कुणी सांगितलं नव्हतं."

प्रतिज्ञापत्रात आजोबांचं काही नाही. ही वही वाचली तिनं. राग यायला पाहिजे होता.

२४ जानेवारी

दिल्ली. मंत्रालयाचं स्टिकर लागलं. आता वकिलातीत. किती दिवस? एजंट म्हणतो, त्यांच्या मनावर. कधी दोन दिवसांत, कधी परत प्रश्न काढतात.

राजू म्हणाला, तिथल्या कचेरीत जाऊन आलो. कागद आले तर घेऊ म्हणतात, न आल्यास नाही. "रागावले न्हाईत, अक्का. नुसतं सांगितले."

त्याचा व्हिसा संपायला आता थोडेच दिवस. आईचा फोन रोज येतो त्याला. मला एकदाही आला नाही तिचा.

३१ जानेवारी

वकिलातीतून काही नाही. एजंट फोन उचलत नाही. श.भाईंनी त्यांच्या ओळखीनं चौकशी केली. माझ्या भरवशावर नको म्हणाले होते, तरी केली. कागद आत आहेत, एवढंच कळलं.

"खारिज किए तो?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, परत करू.

"हौ," म्हणाले. फोन ठेवला.

४ फेब्रुवारी

कलावतीचा फोन आला होता सकाळी. भाकरीचं काम करणाऱ्या बायकांत थोरली ती. सप्टेंबरपासून चुली बंद. म्हणाली, नवी ज्वारी निघायलीय, बाया इचारायल्यात. दुसरीकडं रोजगारानं जावं का थांबावं, एक काय ते सांगा.

फोनवर सांगता येईना. बस पकडून दुबलगुंडीला गेले.

पत्र्याच्या शेडमध्ये सगळ्या बसलेल्या. कुणी सांत्वनाचं बोललं नाही, ते मागंच होऊन गेलं. कलावती म्हणाली, "कागद आला का वैनी?"

"नाही."

"येतंय का?"

"माहीत नाही."

"मग काय करावं?"

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. वि. असते तर काहीतरी हसून बोलले असते. मला बोलता येत नाही तसं. म्हटलं, "चुली पेटवा."

"किती लावाव्या?"

"दर खेपेला लावता तेवढ्या."

कलावतीनं एकदा बघून घेतलं माझ्याकडं, मग पदर खोचला. कुणी पीठ चाळायला बसली, कुणी सरपण आणलं. मला पाट दिला. मी लग्नाआधी उदगीरला रोज भाकऱ्या थापायची, इथं कधी वेळ आली नाही. थापता येतात अजून. कडा फाटतात, पण येतात. तव्यावरची उलटून चुलीपुढं उभी करताना बोट तापल्या तव्याला टेकलं. शेजारची म्हणाली, वैनी, भाजलं की. बघितलं तर लाल झालेलं. काही वाटलं नाही. पुढची थापायला घेतली.

शेवटची बस धरून आत्ता घरी आले. एजंटाचा फोन नाही. राजूचा येऊन गेलेला, उद्या करीन.

बोट ठणकायलंय. बसमध्ये सुरू झालं. फुगून आलंय, पेन धरवत नाही नीट. पाण्यात बुडवून बसले होते, थांबत नाही. लई ठणकायलंय.